टेन्शन घेतलं म्हणून कॅन्सर झाला का, आणि आता रडले तर परत येईल का?

कॅन्सरच्या पेशंटबरोबर काम करताना हा प्रश्न इतक्यांदा कानावर येतो की कोणी खुर्चीत चुळबूळ करायला लागलं की मला अंदाज येतोच. विचारतात मात्र उठता उठता, दाराशी पोचल्यावर.

मागे एक बाई यायच्या, त्यांना सुमनताई म्हणू, नाव आणि बाकी तपशील बदललेत. पन्नाशीच्या आतल्या, ब्रेस्ट कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, केमो झाली, रेडिएशन झालं, रिपोर्ट चांगले, कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती टॅमॉक्सिफेनची गोळी चालू, म्हणजे कागदावर सगळं ठीक. आणि ह्या बाई सकाळी उठून दात घासले की परत आडव्या. पेपर वाचायला घेतला तर एकच ओळ परत परत, माणसं नकोशी, आवडीची गाणी लावली तरी आत काही हलत नाही. घरचे म्हणायचे अगं ट्रीटमेंट संपली की, आता तरी हस. नवरा चांगला माणूस, पण स्ट्रेसने कॅन्सर परत येतो असं त्यांनी कुठेतरी ऐकलेलं, त्यामुळे बायकोच्या डोळ्यात पाणी दिसलं की ते घाबरायचे आणि म्हणायचे "पॉझिटिव्ह रहा गं". मग ह्या बाथरूममध्ये नळ सोडून रडायच्या.

त्यांचं म्हणणं असं, "मॅडम, नणंद म्हणते ऑफिसचं टेन्शन घेऊन घेऊन मीच हे ओढवून घेतलं. खरंय का? आणि आता रडून परत तेच करतेय का?"

आधी पहिला अर्धा. २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आला होता, युरोपातल्या १२ अभ्यासांची माहिती एकत्र केलेली, १ लाख १६ हजार माणसं, प्रश्न साधा की कामाचा ताण जास्त असणाऱ्यांना कॅन्सर जास्त होतो का. आतडं, फुप्फुस, स्तन, प्रोस्टेट, कशाशीच संबंध दिसला नाही. ताणामुळे माणूस सिगरेट ओढायला लागला, दारू वाढली तर धोका वाढतो, पण तो त्या वाटेने. उंदरांवरच्या प्रयोगांत ताणाच्या हार्मोन्समुळे ट्यूमर पसरायला मदत होते असं दिसलंय हेही खरं, बातम्यांचे मथळे बरेचदा तिथूनच येतात, पण पिंजऱ्यातल्या उंदरावरून उडी मारून "तू रडलीस म्हणून" इथपर्यंत येणं मला तरी क्रूरपणाच वाटतो. नणंदेला हे सांगायची माझी फार इच्छा होती, पण त्या काही आल्या नाहीत.

दुसऱ्या अर्ध्याबद्दल मी त्यांना म्हटलं की तुम्ही बाण उलटा धरलाय. मन खचलं म्हणून शरीर बिघडतंय ह्याची तुम्हाला भीती आहे, पण बरेचदा शरीरात चाललेल्या गोष्टींमुळेच मन असं होतं. ताप आला की आपण काय करतो? पांघरूण घेऊन पडतो, जेवण नको, बोलणं नको, कोणी हसवायला आलं तरी राग येतो. तेव्हा कोणी म्हणत नाही की तू कमजोर आहेस. हे घडवून आणतात सायटोकाइन नावाचे रेणू, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१, टीएनएफ वगैरे, रोगप्रतिकारक पेशी ते सोडतात, त्यांचा निरोप रक्तातून आणि व्हेगस नावाच्या नसेवाटे मेंदूत पोचतो आणि मेंदू म्हणतो, पड गप्प, ताकद वाचव. बेंजामिन हार्ट नावाच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी १९८८ मध्येच मांडलं होतं की आजारी जनावर सुस्त पडतं ही त्याची कमजोरी नाही, आजाराशी लढायची पद्धत आहे.

आता कॅन्सरमध्ये ट्यूमर स्वतः इन्फ्लमेशन, म्हणजे हे रेणू सोडणारी शरीराच्या आतली सूज, वाढवतो, ऑपरेशन वाढवतं, केमो आणि रेडिएशनसुद्धा, आणि काही जणांमध्ये ट्रीटमेंट संपल्यावरही ते राखेखालच्या विस्तवासारखं धुमसत राहतं, महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं. ज्युलियन बावर ह्या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रेस्ट कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायकांचं रक्त तपासलं तेव्हा थकवा असणाऱ्यांमध्ये ह्या इन्फ्लमेशनच्या खुणा जास्त सापडल्या.

मला स्वतःला सगळ्यात पटलेला पुरावा मात्र इंटरफेरॉनचा. मेलॅनोमा ह्या त्वचेच्या कॅन्सरसाठी इंटरफेरॉन अल्फाची इंजेक्शनं देत, ती प्रतिकारशक्ती भडकवतात. २००१ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात ४० पेशंट होते, अर्ध्यांना आधीपासून डिप्रेशनची गोळी दिली, अर्ध्यांना खोटी गोळी. खोटी गोळीवाल्यांपैकी ४५ टक्के लोकांना मोठं डिप्रेशन आलं, खरी गोळीवाल्यांपैकी ११ टक्क्यांना. म्हणजे सुईतून औषध गेलं आणि माणूस उदास झाला, ह्यात कुठे आला स्वभाव आणि कुठे आली इच्छाशक्ती?

सुमनताई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "म्हणजे मी आळशी नाहीये?"

नाही हो. पण सगळंच इन्फ्लमेशनवर ढकलू नये हेही मी सांगते. छातीवरचा व्रण रोज आरशात दिसतो, पुढच्या चेकअपची धाकधूक असते, ही दुःखाला पुरेशी कारणं आहेत, त्यासाठी सायटोकाइन लागत नाहीत. आणि ताणाचाही वाटा असतोच. एरवी कॉर्टिसॉल हे हार्मोन इन्फ्लमेशनला ब्रेक लावतं पण ताण खूप दिवस चालला की पेशी त्याचं ऐकेनाशा होतात, त्यात झोप उडाली की आणखी भर, थकवा वाढतो, माणूस दिवसभर पडून राहतो, रात्री परत टक्क जागा. चक्रच ते. कुठूनतरी तोडायचं.

आम्ही आधी त्यांना परत कॅन्सरच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कारण हिमोग्लोबिन, थायरॉइड हे न बघता "मनाचं आहे" म्हणणं मला अजिबात मान्य नाही. हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, त्याचे उपचार सुरू झाले. मग झोप. उठायची वेळ पक्की, रात्री कितीही वाजता डोळा लागला असला तरी. झोप येत नसेल तर पलंगावरून उठायचं, दुपारचं लोळणं बंद. पहिले काही दिवस त्या माझ्यावर भयंकर चिडल्या होत्या, ते अपेक्षितच असतं. जोडीला रोज थोडं चालणं, दमायच्या आधी थांबायचं. नंतर त्यांनी योगासनं सुरू केली. २०१४ चा एक अभ्यास आहे, उपचार संपलेल्या २०० बायका, आठवड्यातून दोनदा योग, १२ आठवडे, आणि त्यानंतर ३ महिन्यांनी योग न करणाऱ्यांच्या तुलनेत थकवा ५७ टक्क्यांनी कमी, इन्फ्लमेशनच्या खुणाही २० टक्क्यांपर्यंत कमी.

ह्याने कॅन्सर परत येणार नाही असं मात्र मी कोणालाच सांगत नाही. २००१ मध्येच पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या २३५ बायकांचा अभ्यास आला होता, ग्रुप थेरपीने मन आणि वेदना दोन्ही सुधारलं, आयुष्य वाढलं नाही. काहींना हे ऐकून वाईट वाटतं, सुमनताईंना उलट हायसं वाटलं, की एखादा दिवस वाईट गेला म्हणून काही बिघडत नाही.

डिप्रेशनची गोळी लागली तर घ्यावी, लाज नाही त्यात, फक्त टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते लिहून देणाऱ्या डॉक्टरला आवर्जून सांगायचं, कारण पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिनसारख्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचं शरीरात कामाच्या रूपात बदलणं अडवतात, दुसऱ्या गोळ्या आहेत. आणि जगायलाच नको असं वाटायला लागलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

नवऱ्याला मी एका सेशनला बोलावलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "मग दर महिन्याला सीआरपी टेस्ट करून घेऊ का, म्हणजे कळत राहील?" नको म्हटलं. सीआरपी ही रक्तातली इन्फ्लमेशनची खूण, ते साध्या सर्दीने वाढतं, हिरडी सुजली तरी वाढतं, त्यावरून ना मूड कळतो ना कॅन्सर परत आलाय का ते, आणि आकडा जरा वर गेला की तुम्ही दोघं रात्रभर जागे राहाल. त्यापेक्षा त्या रडल्या की "पॉझिटिव्ह रहा" म्हणायचं सोडून नुसते शेजारी बसा. ते म्हणाले बसून करू काय? सुमनताईच म्हणाल्या, "काही नको करू, टीव्ही बघ."