एक्सेलचा एकच मॅक्रो रावेरला चालतो, जळगावला अडतो, सावद्याला तारखा उलटवतो. असं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: केळीच्या वजनाची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर-फाईल) वाचून शेतकऱ्यांच्या पट्ट्या (हिशेबाच्या पावत्या) काढणारी मॅक्रोची, म्हणजे एक्सेलमधल्या छोट्या प्रोग्रामची, फाईल रावेरच्या ऑफिसात नीट चालते. जळगावच्या अकाउंटंटच्या लॅपटॉपवर 'कॅन्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी' येतं. सावद्याच्या वजनकाट्यावरच्या नव्या कॉम्प्युटरवर एरर काहीच येत नाही, पण काही पट्ट्यांवर भलत्याच तारखा पडतात.

कोड पुन्हा लिहायला घेऊ नका. हे दोन वेगवेगळे आजार आहेत आणि दोन्हींची जागा ठरलेली आहे. (कोडमधले शब्द इथे देवनागरीत लिहितोय, एडिटरमध्ये नेहमीसारखे इंग्रजीतच टाकायचे.)

आधी सावदा, कारण एरर न देता चुकणारा मॅक्रो जास्त महागात पडतो. चुकलेल्या पट्ट्या काढून बघा: त्या महिन्याच्या 1 ते 12 तारखांच्याच असतील, 13 पासून पुढच्या सगळ्या बरोबर असतील. नव्या कॉम्प्युटरवर विंडोजचं रीजन बहुतेक 'इंग्लिश, युनायटेड स्टेट्स' राहिलंय. तुमच्या कोडमध्ये 'सीडेट' किंवा 'डेटव्हॅल्यू' असेल, तर ते विंडोजच्या सेटिंगप्रमाणे तारीख वाचतं. तिथे 05/03/2025 म्हणजे 3 मे होतो. 25/03/2025 ला मात्र पंचविसावा महिना नसल्यामुळे ते गुपचूप क्रम बदलून 25 मार्च धरतं. म्हणून निम्म्याहून जास्त पट्ट्या बरोबर दिसतात आणि कुणाला शंका येत नाही. मार्चची पट्टी मे महिन्यात गेली म्हणजे ती थेट पुढच्या आर्थिक वर्षात गेली, हे अकाउंटंटला आजच सांगा.

खात्री करायला ऑल्ट+एफ11 दाबून कोडचा एडिटर उघडा, मग कंट्रोल+जी, आणि खालच्या खिडकीत '? ॲप्लिकेशन.इंटरनॅशनल(32)' टाकून एंटर. 0 आलं तर महिना आधी, 1 आलं तर दिवस आधी. रीजन बदलून 'इंग्लिश, इंडिया' केलं की आजचं काम भागेल, पण उद्या चौथा कॉम्प्युटर आला की पुन्हा तेच. कायमचा उपाय म्हणजे तारीख स्वतः फोडायची: 'स्प्लिट'ने तिरप्या रेघेवर तुकडे करा आणि 'डेटसिरियल(तुकडा 2, तुकडा 1, तुकडा 0)' असं वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्या. काट्याचं सॉफ्टवेअर रेघेऐवजी डॅश देत असेल, तर आधी 'रिप्लेस' करून घ्या.

याच वाटेवर आणखी एक खड्डा आहे. सीएसव्ही डबल क्लिकने उघडली तर एक्सेल विंडोजचं सेटिंग पाळतं, पण मॅक्रोतून 'वर्कबुक्स.ओपन'ने उघडली तर रीजन काहीही असो, अमेरिकन क्रमच धरतं. मग 05/03 उलटते आणि 25/03 नुसता मजकूर म्हणून सेलच्या डाव्या कडेला चिकटून बसते. 'लोकल:=ट्रू' जोडलं की विंडोजचं सेटिंग पाळलं जातं, म्हणजे सावद्याला पुन्हा तीच अडचण. 'ओपनटेक्स्ट'मध्ये कॉलमचा प्रकार सांगता येतो, पण फाईलचं एक्स्टेन्शन सीएसव्ही असेल तर ते सांगणं एक्सेल ऐकतच नाही. आधी टीएक्सटी नावाने कॉपी करावी लागते. किंवा 'क्वेरीटेबल्स' वापरून तारखेच्या कॉलमला 4 हा प्रकार द्या, म्हणजे दिवस-महिना-वर्ष. मला हाच मार्ग पसंत आहे.

आतापर्यंत चुकलेल्या तारखा सेल फॉरमॅट बदलून सुधारणार नाहीत, कारण आतला आकडाच बदललेला आहे. काट्याच्या पावत्या समोर घेऊन बसावं लागेल.

आता जळगाव. एरर आल्यावर 'लेफ्ट', 'ट्रिम' किंवा 'फॉरमॅट'सारखा साधा शब्द निळा झालेला दिसेल. त्या शब्दाचा काही दोष नाही. एडिटरमध्ये आधी 'रीसेट' दाबा, नाहीतर मेनू फिका राहतो. मग टूल्समध्ये रेफरन्सेस उघडा. एखाद्या ओळीपुढे 'मिसिंग' लिहिलेलं असेल, तोच गुन्हेगार. बहुतेक वेळा आउटलुक या मेल प्रोग्रामची लायब्ररी निघते: रावेरला ऑफिस नवं, आवृत्ती 16.0, लॅपटॉपवर 2010 म्हणजे 14.0, किंवा आउटलुक नसलेलं होम अँड स्टुडंट. जुनी फाईल नव्या ऑफिसात नेली तर रेफरन्स आपोआप वर चढतो. नव्यातून जुन्यात आणली तर खाली उतरत नाही. म्हणून फाईल एकदा रावेरला सेव्ह झाली की जळगावला बिघडते.

टिक काढा आणि कोडमध्ये 'ॲज आउटलुक.ॲप्लिकेशन'च्या जागी 'ॲज ऑब्जेक्ट' करून 'क्रिएटऑब्जेक्ट'ने आउटलुक बोलवा. 'ओएलमेलआयटम'सारख्या नावांच्या जागी आकडा द्या, इथे 0. शेवटी डीबग मेनूतलं 'कंपाइल' चालवा, राहिलेली नावं तो स्वतः दाखवेल. लॅपटॉपवर आउटलुकच नसेल तर मेलच्या ओळीवर 429 एरर येईल, पण निदान पट्ट्या तरी निघतील.

'मिसिंग' नसेल आणि निरोप '64-बिट'बद्दल असेल, तर 'डिक्लेअर' ओळींत 'पीटीआरसेफ' घाला आणि हँडल किंवा पॉइंटर धरणारे 'लाँग' बदलून 'लाँगपीटीआर' करा. विंडोज 64-बिट आहे म्हणून ऑफिसही तसंच असेल असं नाही. फाईल, अकाउंट, अबाउट एक्सेलमध्ये बघा. फॉर्मवर जुना डेटपिकर असेल तर तो 64-बिट ऑफिसात चालतच नाही, काढून टाका.

फाईल मेलने पाठवली तर लाल पट्टी येऊन मॅक्रो बंद, आणि तीच पेनड्राइव्हने नेली तर चालू, असंही होईल. इंटरनेटवरून आल्याची खूण एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट) डिस्कवरच टिकते. पेनड्राइव्ह बहुधा एफएटी32 किंवा एक्सएफएटी असतो, तिथे ती गळून पडते. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'अनब्लॉक'. झिप असेल तर उलगडण्याआधीच.

पट्टी मराठीत असते म्हणून हेही सांगतो. व्हीबीएच्या (मॅक्रोच्या भाषेच्या) एडिटरला देवनागरी कळत नाही, कोडमध्ये पेस्ट केलेलं 'केळी' प्रश्नचिन्हं होऊन बसतं. मराठी मजकूर एका वेगळ्या शीटच्या सेलमध्ये ठेवा आणि कोडने तिथून उचला. शीटचं नाव मराठी असेल तर नावाने न बोलवता प्रॉपर्टीज खिडकीतल्या इंग्रजी कोडनेमने बोलवा. जुन्या लिपी-फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसणारच. तो एकदाचा युनिकोडमध्ये करून घ्या.

प्रिंटरचं नाव कोडमध्ये असेल तर त्याच्या शेपटीला 'एनई01:' असं काहीतरी असतं. तो आकडा प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळा, तेव्हा नाव काढून डिफॉल्ट प्रिंटर वापरा. मोबाइलच्या एक्सेलवर मॅक्रो चालत नाहीत, तिथे खटपट करू नका.

एवढ्यानेही नाही सुटलं, तर प्रत्येक कॉम्प्युटरचा एरर नंबर, अबाउट एक्सेलची पहिली ओळ आणि डीबग दाबल्यावर पिवळी होणारी कोडची ओळ इथे टाका. ॲप्लिकेशन.व्हर्जनचा आकडा नको, तो 2016 पासून 365 पर्यंत सगळीकडे 16.0 च येतो.