चोखणी न देता पाच महिन्यांच्या बाळाला रात्रभर कसं झोपवायचं?

चोखणीशिवाय जमतं. मात्र पाच महिन्यांचं पोर रात्री एकदा-दोनदा दुधाला उठणारच. त्याला 'सवय बिघडली' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

माझा मुलगा चार महिन्यांचा होता तेव्हा गणपतीला गुहागरच्या घरी सगळे चाकरमानी आले होते. दिवसभर आरत्या, रात्री भजनं, पोर नुसतं किरकिरत होतं. तिसऱ्या रात्री थोरल्या जाऊबाईंनी मला न विचारता त्याच्या तोंडात चोखणी दिली. वर "बघ, कसा गप झाला!" तासाभरात ती पडली आणि हा रडत उठला. परत दिली, परत पडली, परत उठला. माजघरात ओळीने निजलेली माणसं कूस बदलत होती. दोनच्या सुमारास बॅटरीच्या उजेडात शोधली तर गोधडीच्या घडीत सापडली, आणि बोंडाला लाल मुंग्या डसलेल्या. मधात बुडवून दिली होती! वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोटुलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारी जिवावरची विषबाधा, होऊ शकते, बोटभर चाटवणंसुद्धा नको. मी ती तशीच मागच्या आगरात भिरकावली. सकाळी घरात व्हायचं ते झालं.

गणपती गेल्यावर मी रोज सातला दिवे मंद करायला लागले. अंगाला कोमट खोबरेल, पोटभर दूध, आणि डोळे जड झाले की मिटायच्या आत पाळण्यात. छातीवर हात ठेवून बसायचं. कुरकुरला तरी मिनिटभर थांबायचं. बाळं झोपेतही कुंथतात, आपणच उचलून त्यांना जागं करतो. दिवसा मात्र पडवीत, उजेडात, माणसांच्या आवाजात. दहा-बारा रात्री जीव मेटाकुटीला आला, मग एकदाच उठायला लागला.

हां, चोखणी म्हणजे विष नव्हे. अंगावरचं दूध नीट सुरू झाल्यावर झोपताना ती दिली तर झोपेतल्या आकस्मिक मृत्यूचा धोका कमी होतो, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात. देणार असाल तर स्वच्छ द्या, गळ्यात दोरीने अडकवू नका. बाळाला उताणंच झोपवा, मोहरीची उशी काढून टाका. वजन वाढत नसेल तर माझं ऐकू नका, डॉक्टरांना दाखवा.

जाऊबाई अजून म्हणतात, "वय झालं म्हणून झोपला." मग त्या बारा रात्री पाळण्याशी कोण बसलं होतं? यंदा गणपतीला धाकट्या भावजींचं चार महिन्यांचं बाळ येणार आहे. मधाची बाटली मी आत्ताच फडताळात कुलूपबंद केलीय.