खाडीचे नमुने लावण्याआधी
ठाणे खाडीचं पाणी लेझर अ‍ॅनालायझरवर (पाण्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे आयसोटोप मोजणारं यंत्र) लावणार असाल तर आधी सिरिंजकडे बघा. खारं पाणी सुकलं की प्लंजर अडकतो, सुई वाकते, इंजेक्शन अपुरं पडतं. रन संपताच डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने दहा-बारा वेळा धुवा. रात्रभर तशीच सोडणं म्हणजे नव्या सिरिंजची ऑर्डर. नमुन्याची वाफ करणाऱ्या व्हेपोरायझरमध्येही मीठ साचतं आणि आधीच्या नमुन्याचा परिणाम रेंगाळतो, ऑक्सिजनपेक्षा ड्युटेरियममध्ये (जड हायड्रोजन) जास्त. म्हणून प्रत्येक नमुन्याची किमान 6 इंजेक्शनं द्या, पहिल्या 3 चे आकडे धरू नका. वाफेचं प्रमाण इंजेक्शनागणिक हलतंय? कॅलिब्रेशनशी झटापट नंतर, आधी सेप्टम (सुई ज्यातून आत जाते तो रबरी पडदा) बदला. पावसाळ्यात व्हायलची (नमुन्याच्या छोट्या बाटल्या) झाकणं घट्ट ठेवा. ड्रायराइट (ओलावा शोषणारे खडे) निळ्याचं गुलाबी झालं की बदला.