मणक्यांत झीज आहे, मग अंग ताणायचे की नाही?

‘एक्स-रेमध्ये झीज दाखवली आहे, आता व्यायाम केला तर नस दबणार नाही ना?’ अमळनेर परिसरातील खेड्यांतून फिजिओथेरपीसाठी येणारी वयस्कर मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात.

सत्तरीच्या एका आजींची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. उभी हयात कापूस वेचण्यात गेलेल्या या आजींनी कंबर दुखू लागल्यापासून बाज धरली होती, कमरेचा पट्टा झोपेतही सोडला नव्हता आणि पाण्याचा तांब्यासुद्धा सून हातात आणून देत होती. ‘वाकाले भ्याव वाटस, बेटा,’ असे त्या म्हणाल्या. खुर्चीतून उठताना त्या श्वास रोखून सारे अंग ताठ करीत, आणि नेमक्या त्याच क्षणी कळ येई.

त्यांना मी आधी अहवालाचा अर्थ सांगितला. पाठ मुळीच दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा 2015 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा ऐंशीच्या वयातील सुमारे 96 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत (डिस्क) झीज आढळली होती. म्हणजे झीज दिसली म्हणून दुखण्याचे मूळ तेथेच असेल असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही जुनाट कंबरदुखीसाठी, वयस्करांसह, व्यायामाची शिफारस आहे, तर पट्टा सरसकट वापरू नये असे म्हटले आहे.

मात्र वय झाल्यावर हाडे ठिसूळ झालेली असू शकतात, म्हणून ताण देण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली. हाडे फार ठिसूळ असतील किंवा मणका पिचलेला असेल, तर पुढे वाकण्याचे आणि कंबर पिळण्याचे व्यायाम टाळावेच लागतात. आजींच्या बाबतीत तसे काही निघाले नाही.

बाज मध्ये खोल जाते, त्यामुळे जमिनीवर सतरंजी व गोधडी अंथरून सुरुवात केली. खाली बसणे ज्यांना जमत नाही, त्यांना टणक पलंग चालतो. उताणे झोपून गुडघे वाकवायचे आणि श्वास सोडत कंबर हलकेच अंथरुणाला टेकवायची, एवढेच पहिले काही दिवस केले. मग एक गुडघा पोटाकडे घेतला. आजींचा गुडघाही दुखत असल्याने हात गुडघ्यावर न ठेवता मांडीखाली धरायला लावले. ओढ जाणवावी, कळ येऊ नये, अशा बेताने वीसेक सेकंद थांबायचे आणि त्या वेळी सुनेशी बोलत राहायचे, कारण बोलणारा माणूस श्वास रोखत नाही. उठताना आधी कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठणे त्यांना सर्वांत उपयोगी पडले, असे मला वाटते.

दुखणे पूर्ण गेले नाही. पण पट्टा सुटला, आजी पाणी स्वतः घेऊ लागल्या आणि सकाळी ओट्यावर बसून डाळ निवडू लागल्या.

सुनेला मी एक गोष्ट बजावून ठेवली आहे: पायातली ताकद कमी होऊ लागली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेभोवती बधिरपणा आला, किंवा पडल्यानंतर, तापाबरोबर अथवा वजन घटत असताना पाठ दुखू लागली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.