घर झाले, मग आनंद कुठे गेला?

आठ वर्षे पैसे साठवून आपण स्वतःचे घर घेतले, वास्तुशांत झाली, आणि चार महिन्यांतच त्या घरात शिरताना काही वाटेनासे झाले. हा कृतघ्नपणा आहे की मनाचा आजार, आणि याहून थोडे मोठे घर घेतले असते तर फरक पडला असता का, असे आपण विचारले आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो आणि घराच्या बाबतीत याच वाटेने गेलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कृतघ्नपणा तर हा मुळीच नव्हे. घरात मासे तळले की दारात आलेल्या पाहुण्याला वास लगेच जाणवतो, पण तासभर ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला तो येत नाही. भावनांचेही बरेचसे असेच आहे. मन स्थितीपेक्षा बदलाची नोंद अधिक घेते, आणि बदल जुना झाला की ती नोंद पुसट होते. आपल्याकडे यालाच ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणतात. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये हा विचार शास्त्रीय भाषेत मांडला. माणूस सुखामागे चालत राहतो, पण पायाखालचा पट्टा मागे सरकत असल्याने तो जागच्या जागीच राहतो, असे त्याचे सार सांगता येईल.

ब्रिकमन यांनी दोन सहकाऱ्यांसह १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याहून बोलका आहे. त्यांनी इलिनॉय राज्यातील लॉटरीच्या २२ विजेत्यांना, त्याच परिसरातील २२ सामान्य लोकांना आणि अपघाताने अपंगत्व आलेल्या २९ जणांना ‘सध्या तुम्ही किती सुखी आहात’ असे विचारले. शून्य ते पाच या पट्टीवर विजेत्यांची सरासरी ४.०० आली आणि सामान्य लोकांची ३.८२, म्हणजे दखल घ्यावी इतकाही फरक नाही. पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद ऐकणे अशा रोजच्या गोष्टींतून किती आनंद मिळतो, या प्रश्नावर विजेते ३.३३ वर होते आणि सामान्य लोक ३.८२ वर. मोठ्या सुखाने लहान सुखांची चव थोडी उतरवली होती. (अपंग झालेले लोकही विजेत्यांइतकेच सुखी निघाले, असे पुष्कळदा लिहिले जाते, ते चूक आहे. त्यांची सरासरी २.९६ होती.) अभ्यास लहान होता, त्यामुळे तो अंतिम शब्द मानू नये, पण त्याने दाखवलेली दिशा पुढे अनेकदा दिसली आहे.

आपल्या आठ वर्षांबद्दलही एक गोष्ट सांगावीशी वाटते. हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूतील दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, हे मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांच्या उंदरांवरील प्रयोगांतून दिसून आले. मेंदूतील डोपामाइन हे ओढ निर्माण करणारे रसायन जवळजवळ नष्ट केलेले उंदीर स्वतःहून अन्नाकडे वळत नसत, पण साखरेचे पाणी तोंडात सोडले की पूर्वीसारखेच जीभ बाहेर काढून चाटत. ओढ संपली होती, गोडी शाबूत होती. माणसात याच्या उलटही घडते. घराची ओढ आठ वर्षे दररोज वाढत गेली, तिच्याइतकी गोडी कोणत्याही भिंतींमध्ये असणे शक्य नव्हते.

माझ्यापुरते सांगायचे तर मी बदलापूरला घर घेतले तेव्हा दारांच्या मुठींवरचे प्लास्टिक मुद्दाम दोन महिने काढले नव्हते. दादरच्या एका खोलीतून आलेल्या मला तो हॉल मैदानासारखा वाटला होता. सहा आठवड्यांत तो नुसता हॉल झाला. प्रवासाची मात्र सवय झाली नाही. कर्जतहून येणारी लोकल बदलापूरला भरूनच येते, आणि बारा वर्षांनंतरही सकाळी फलाटावर पोटात तसाच गोळा येतो. आलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील अनेक वर्षांच्या सर्वेक्षणांतून हेच दाखवले. कामावर जाण्यायेण्यात जास्त वेळ घालवणारे लोक जीवनाविषयी कमी समाधानी होते. चांगले घर किंवा जास्त पगार यांनी ती तूट भरून निघत नव्हती. खोलीचा आकार रोज तोच असतो, म्हणून मन त्याकडे पाहणे सोडून देते. गर्दी, उशीर आणि धक्काबुक्की रोज नव्याने येतात, म्हणून ती बोथट होत नाहीत. बेरोजगारीचेही तसेच आहे. जर्मनीतीलच आकडेवारीनुसार, नोकरी पुन्हा मिळाल्यावरही समाधान सरासरीने पूर्वीच्या पातळीवर परतत नाही.

एक शंका मात्र तपासून पाहावी. फक्त घराचा आनंद ओसरला असेल तर काळजीचे कारण नाही. परंतु आवडीचे जेवण, माणसे, क्रिकेटचा सामना, असे कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर ते नैराश्य असू शकते. तेव्हा माझ्यासारख्या शिक्षकाचे उत्तर न वाचता डॉक्टरांकडे जावे. टेली मानस ही शासनाची १४४१६ क्रमांकाची निःशुल्क सेवाही आहे.

राहिला मोठ्या घराचा प्रश्न. माझ्या अंदाजाने वाढीव खोलीचा आनंदही दिवाळी ते होळी इतकाच टिकला असता, हप्ता मात्र वीस वर्षे राहिला असता. मी स्वतः आता दर मे महिन्यात पंधरा दिवस गावी, भावाच्या घरी राहतो. तिथे नळाला दिवसाआड पाणी येते. परतल्यावर पहिल्या संध्याकाळी बदलापूरच्या मोरीतला नळ सोडतो आणि दोनतीन मिनिटे नुसता उभा राहतो.