स्थळ सुचवणाऱ्याला काय कळवलंत?

म्हापशाला माझी समुपदेशनाची खोली बाजाराला लागून, दुसऱ्या मजल्यावर आहे. शुक्रवारी, म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी, खिडकी उघडी राहिली तर खालचा गलका थेट टेबलापर्यंत येतो, म्हणून त्या दिवशी मी शक्यतो कुणाला वेळ देत नाही. पण या माणसाला शुक्रवारच हवा होता. डिचोलीहून टेंपोत माल घालून तो त्याच दिवशी म्हापशाला यायचा. त्याला विचारूनच हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

वय छत्तीस. पुठ्ठ्याची खोकी बनवायचा छोटा कारखाना, पाच कामगार. खुर्चीत बसायच्या आधी त्याने खिशातून रबरबँड लावलेला गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. व्हिजिटिंग कार्डं.

"मॅडम, ही एका वर्षातली. एकशे चाळीस आहेत, काल रात्री मोजली. ऑर्डरी किती आल्या ते विचारा."

विचारलं.

"दोन. त्यातल्या एकाने अजून पैसे दिलेले नाहीत."

पणजीतल्या एका हॉटेलात दर आठवड्याला सकाळी सातला भरणाऱ्या व्यावसायिकांच्या गटात तो सामील झाला होता. एका धंद्याचा एकच सभासद, प्रत्येकाने उभं राहून मिनिटभर आपल्या कामाविषयी बोलायचं, मग एकमेकांना ग्राहक सुचवायचे. आदल्या रात्री त्याला झोप लागत नसे. "उभा राहिलो की आवाजच बसतो. बाकीचे कसे फाडफाड बोलतात! आणि खरं सांगू, मला ते सगळं खोटं वाटतं. हसायचं, कार्ड द्यायचं, आणि मनात एकच हिशेब, हा मला काय देईल."

ही तक्रार माझ्याकडे नवी नाही. विम्याचा एजंट, ब्युटी पार्लरवाली, घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देणारं जोडपं, सगळ्यांची थोड्याफार फरकाने हीच. मी बोलका नाही, आणि मागायला लाज वाटते.

इथे मी चुकले. मी पहिला अर्धा भाग धरला. श्वासाचे व्यायाम दिले, मिनिटभराचं बोलणं लिहून काढायला लावलं, पुढच्या बैठकीत पाच अनोळखी माणसांशी बोलायचं असा गृहपाठ दिला. पंधरा दिवसांनी तो आला आणि गठ्ठ्यावर आणखी पाच कार्डं ठेवली. "बोललो पाच जणांशी. शर्ट भिजला घामाने. आता पुढे काय?"

पुढे काय ते मलाही ठाऊक नव्हतं. मी गप्प बसले, तो टेबलावर बोटं वाजवत राहिला. नुसती चुळबुळ नव्हती ती, त्यात ठेका होता.

"पखवाज वाजवता?"

चेहराच बदलला त्याचा. गावच्या भजनी मंडळात लहानपणापासून. श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहाला दरवर्षी जाणार म्हणजे जाणार. चोवीस तास अखंड भजन, एका पथकाने थांबवायच्या आत दुसऱ्याने उचलायचं. पहाटे तीनची पाळी त्याच्या मंडळाने कशी सांभाळली, कोणाचा सूर उतरला, मग याने पखवाज बाजूला ठेवून गजर कसा उचलून धरला, हे सगळं त्याने हातवारे करून सांगितलं. शंभर माणसांसमोर.

"तिथे आवाज बसत नाही?"

"तिथे कशाला बसेल? तिथे मला कुणाकडून काही नको असतं."

म्हणजे माणसांची भीती नव्हती. मागणाऱ्याच्या जागी बसण्याची होती. मला वाटलं, सुटला प्रश्न. म्हटलं, भजनाला येणाऱ्यांत निम्मे तर दुकानदार असतील, मग तिथूनच का नाही सुरुवात? त्याने हात आडवा केला. "नाही मॅडम. देवाच्या दारात खोकी विकणार नाही." मी विषय तिथेच सोडला, आणि आजही मला तेच बरोबर वाटतं. प्रत्येक ओळखीचं सोनं करा असं सांगणारे हल्ली पुष्कळ आहेत. माणसाला एक तरी जागा अशी हवी, जिथे त्याच्याकडे कुणी ग्राहक म्हणून बघत नाही आणि तोही कुणाकडे तसं बघत नाही.

मग या खोक्यांकडे तो वळला कसा, हे निघालं. वडिलांचे दोन टिपर होते, खनिजाच्या वाहतुकीला लावलेले. डिचोलीत त्या काळी ओळखी कमवाव्या लागत नसत. ट्रकमालक, गॅरेजवाला, टायरवाला, खाणीवरचा सुपरवायझर, कँटीनवाला, सगळे एकाच पंगतीत. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. मध्ये थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा ठप्प. वडिलांनी हाक मारावी तर कोणाला? ज्यांना हाक मारायची तेही त्याच आठवड्यात बुडालेले. "बाबांना माणसं भरपूर होती मॅडम, पण सगळी एकाच तळ्यातली."

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली यावर लिहिलं आहे, ते मी त्याला सांगितलं. बोस्टनजवळच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? वारंवार भेटणारे सतरा टक्क्यांच्या आत निघाले. बाकीचे अधूनमधून भेटणारे किंवा वर्षाला एखादवेळी दिसणारे. जवळच्यांना बहुधा तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं, नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. तो अभ्यास नोकऱ्यांचा होता, खोक्यांच्या ऑर्डरींचा नव्हे, आणि तेही लहानशा गटाचा. पण डिचोलीच्या माणसाला तो समजावून सांगावा लागला नाही.

"म्हणजे ही कार्डं बरोबर आहेत तर," तो म्हणाला.

कार्डं बरोबर होती. मग अडत कुठे होतं? त्याला म्हटलं, फोन काढा. धंद्यातल्या माणसांशी झालेले व्हॉट्सअ‍ॅपवरचे शेवटचे तीस संवाद आपण दोघांनी मिळून बघू.

कोणालाही लाजवणारं काम आहे हे. माझ्या फोनचं कोणी केलं तर मला नाही चालणार. तीसपैकी वीसेक ठिकाणी सणाचा शुभेच्छासंदेश, खाली कारखान्याचं नाव आणि तीन प्लाय, पाच प्लाय, म्हणजे तीन-पाच थरांच्या खोक्यांचा फोटो. उरलेल्यांत "सर, काही रिक्वायरमेंट असल्यास कळवा." तारखा बघितल्या तर हे संदेश एकदम झुंडीने गेलेले. जून, जुलै. पर्यटकांचा हंगाम संपलेला, काजूचाही आटोपलेला, मशीन उभं. त्याचा फोन वाजला की समोरच्याला न उचलताही कळावं, याच्याकडे काम नाही.

तरीही हे मला दुय्यम वाटतं. गरज पडल्यावर सगळेच फोन करतात, लोक तेवढं समजून घेतात. मला खटकलं ते दुसरंच. मधूनच एक संदेश होता, साखळीच्या एका लोणचीवाल्या बाईंचा. कळंगुटच्या एका हॉटेलातल्या खरेदी बघणाऱ्या माणसाचा नंबर, आणि खाली, "मी बोलून ठेवलंय, जाऊन ये." याने अंगठा पाठवलेला. त्यानंतर पाच महिने काहीच नाही. दिवाळीला खोक्यांचा फोटो.

"गेला होता?"

"गेलो ना, दुसऱ्याच दिवशी. दर जुळला नाही."

"हे बाईंना सांगितलंत?"

"काय सांगायचं? ऑर्डर मिळालीच नाही."

अशी आणखी चार नावं निघाली. पाच जणांनी याच्यासाठी कुणाकडे तरी शब्द टाकला होता. तीन ठिकाणी काम झालं नाही, दोन ठिकाणी झालं. ज्यांच्यामुळे काम झालं त्यांनाही याने कळवलं नव्हतं! "कळलंच असेल की. गोवा आहे केवढा?"

त्याच बैठकीत, कशावरून कोण जाणे, बहिणीच्या लग्नाचा विषय निघाला. पेडण्याच्या आत्येने एक स्थळ सुचवलं होतं. मुलाकडचे येऊन बघून गेले, पण घरच्यांना पसंत पडलं नाही, आणि आत्येला कोणी काही कळवलंच नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणत तीन महिने गेले. मग दुसरीकडे लग्न ठरलं. आत्या लग्नाला आली, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेली. अजून आईशी धड बोलत नाही.

"एवढं काय लागलं त्यांना?" मी विचारलं. "स्थळ नाकारलं म्हणून?"

"नाकारल्याचं नाही हो. तिने शब्द टाकला होता. ती माणसं तिलाच विचारत राहिली असतील, काय झालं म्हणून. काय सांगणार ती? तिची फजिती…"

बोलता बोलता तो थांबला. फोन हातातच होता. मी काही बोलले नाही.

पुढे गृहपाठ म्हणून मी एवढंच दिलं. महिनाभर नवं कार्ड घ्यायचं नाही. त्या पाच जणांना फोन करायचा, तुम्ही सांगितलंत त्याचं हे असं झालं एवढंच सांगायचं, आणि त्या फोनमध्ये काहीही मागायचं नाही. पहिला त्याने माझ्यासमोरच लावला, लोणचीवाल्या बाईंना. स्पीकरवर नव्हता, पण त्या बाईंना स्पीकरची गरज नव्हती.

"अरे! मला वाटलं तू गेलाच नाहीस," त्या म्हणाल्या. "त्या माणसाची दोनदा गाठ पडली, मी तुझा विषयच काढला नाही. म्हटलं, याने काहीतरी घोळ घालून ठेवला असणार." दर जुळला नाही हे ऐकल्यावर त्या हसल्या. तो माणूस सगळ्यांनाच दर पाडून मागतो, पैसे तर चार महिन्यांनी देतो, सुटलास म्हणाल्या. वर त्यांनीच याला विचारलं, बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून आत कप्पे असलेली खोकी करून देतोस का? पन्नासच हवीत, एवढ्या थोड्यांना कोणी हातच लावत नाही.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "पन्नास मला परवडत नाहीत." खरंच होतं ते. डायचा, म्हणजे खोकं कापायच्या साच्याचा, खर्चही निघत नाही. पण पाच महिने त्या बाई स्वतःहून याचं नाव टाळत होत्या, आणि याला वाटत होतं की आपला आवाज बसतो म्हणून कामं येत नाहीत! पन्नास खोकी त्याने एका रविवारी उरलेल्या शीटमधून हाताने कापून दिली. त्यांच्याकडून पुढे मोठी ऑर्डर आली असं मात्र नाही. लोणच्याच्या बाटल्या त्या किती विकणार?

बाकी चौघांचं संमिश्र. एकाने फोन उचलला नाही. एकाने "कोण?" असं विचारून, बरं बरं म्हणून ठेवून दिला. एक ट्रान्सपोर्टवाला वीस मिनिटं बोलला, त्यातली अठरा स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर. याने ती ऐकली, आणि महिन्याने गुडघा कसा आहे ते विचारलं. हे मी सांगितलेलं नव्हतं.

सकाळच्या गटाचं काय, असं वाचणाऱ्यांना वाटेल. अशा गटांवर माझा आक्षेप नाही. व्यापाऱ्यांनी एकत्र बसणं इथे नवं थोडंच आहे? गोव्याचं चेंबर ऑफ कॉमर्स १९०८ सालचं, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतलं. त्यानेही गट सोडला नाही. फक्त मिनिटभराचं बोलणं बदललं. पूर्वी तो प्लाय आणि जीएसएम, म्हणजे कागदाचे थर आणि वजन, सांगायचा. आता सांगतो की गेल्या महिन्यात गटातल्या अमक्याने मला अमुक ठिकाणी पाठवलं, तिथे असं असं झालं. आवाज अजून बसतो. पण तीस सेकंदांनी सुटतो म्हणे, कारण सांगायला काहीतरी घडलेलं असतं.

माझ्या इमारतीखाली पावसाळ्याच्या आधी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायची, मिरची विकायला एक बाई बसते. गेल्या वर्षी तिच्याकडून घेतली होती. यंदा पिशवी पुढे केली तर तिने आधी विचारलं, त्या मिरचीला रंग कसा आला होता? रंग चांगला होता पण तिखट कमी पडलं, असं मी सांगितलं. तिने दुसऱ्या ढिगातली काढून दिली. त्याच दुपारी त्याची शेवटची बैठक होती. मी हे त्याला सांगणार होते, मग म्हटलं राहू दे.

कारण तोच काहीतरी विचारायच्या तयारीत आला होता. त्याने त्याच्या ओळखीतल्या एकाला माझा नंबर दिला होता. "मॅडम, तो आला का तुमच्याकडे? काय झालं त्याचं?"

"ते मला सांगता येणार नाही."

"आला की नाही एवढं तरी?"

"तेवढंही नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला, अगदी मान मागे टाकून.

"म्हणजे तुमच्या धंद्यात निरोप पोचवायचाच नाही?"

"नाही."

"मग तुमच्याकडे गिऱ्हाईक पाठवतं तरी कोण?"