अंगठा, चेहरा आणि कायदा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांच्या खात्यातून अंगठ्यावर तीनदा दहा-दहा हजार काढले गेले. ओटीपी आला नाही, एटीएम कार्ड तर त्यांच्याकडे नाहीच. असं कसं झालं?

उत्तर : आधारवरून पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढंच लागतं. ओटीपी त्यात नसतोच. कागदावरचा ठसा सिलिकॉनवर उतरवता येतो. काही राज्यांत नोंदणी खात्याच्या संकेतस्थळांवरच्या दस्तांतले अंगठे असेच चोरले गेले.

आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत, व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायची असेल तर ती बँकेने करायची. त्यामुळे ‘अंगठा तुमचाच आहे’ एवढ्यावर शाखेतून परत फिरू नका. आधारच्या ‘मायआधार’ संकेतस्थळावर लॉगिन करून प्रमाणीकरणाचा इतिहास, म्हणजे आधार कधी वापरलं गेलं त्याची यादी, काढा; गेल्या 6 महिन्यांतल्या जास्तीत जास्त 50 नोंदी तारीख-वेळेसह मिळतात. त्याची प्रत अर्जाला जोडा. मग तिथेच बायोमेट्रिक लॉक करून टाका, म्हणजे ठसा किंवा डोळे वापरून आधार चालणार नाही. त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला हवा.

प्रश्न : आईचं बायोमेट्रिक लॉक केलं, आता रेशनच्या मशीनवर अंगठा चालत नाही.

उत्तर : मशीनवर 330 हा एरर कोड आला तर अडचण लॉकचीच आहे. तात्पुरतं अनलॉक 10 मिनिटंच टिकतं, म्हणून घरून निघताना करू नका, रांगेत नंबर आल्यावर करा. 300 हा कोड आला तर ठसा जुळलेला नाही. कष्टाने रेषा झिजलेल्यांचं हेच होतं. दुसरं बोट लावून पाहा, नाहीतर डोळ्यांचं स्कॅन किंवा ओटीपी मागा. ठसा जुळला नाही म्हणून कुणाचा लाभ तोडू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात स्पष्ट केलं आहे. तरीही दुकानातून रिकाम्या हाताने पाठवलं तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीने गेटवर चेहरा ओळखणारं यंत्र बसवलंय. चेहरा द्यावाच लागेल का?

उत्तर : इथे कायदा अजून अर्धवट आहे, आणि ते मला खटकतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2011 च्या नियमांत बायोमेट्रिक माहिती ‘संवेदनशील’ ठरते आणि लेखी संमती लागते. पण ते नियम व्यापार-व्यवसाय करणाऱ्या संस्थांसाठी आहेत. यंत्र पुरवणारी कंपनी त्यांत येऊ शकते, सोसायटीबद्दल मात्र वाद घालता येतो. 2023 चा डेटा संरक्षण कायदा सोसायटीलाही लागू होईल, पण नोव्हेंबर 2025 च्या नियमांनी त्यातल्या मुख्य तरतुदींना 18 महिन्यांची मुदत दिली आहे.

तोवर समितीला लेखी विचारा : चेहऱ्याचा साचा (चेहऱ्यावरून बनवलेली डिजिटल नोंद) यंत्रात राहतो की कंपनीच्या सर्व्हरवर? घर सोडल्यावर किती दिवसांत पुसणार? कार्ड किंवा पिनचा पर्याय का नाही? सर्वसाधारण सभेत हा पर्याय ठरावात लिहून घ्या. भाडेकरूंना सभेत मत नसतं, त्यांच्या वतीने घरमालकाने हे मांडावं.